सरपणासाठी चेनसॉ घेताना : स्वस्त कोणता आणि परवडणारा कोणता?



तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी झाली, की मृग लागण्यापूर्वी घरात सरपण भरून ठेवण्याची घाई सुरू होते. पोहरादेवी, उमरी आणि मानोरा तालुक्यातील इतर गावांत व तांड्यांवर हे काम दरवर्षीचेच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅसची शेगडी आली हे खरे. परंतु आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, लग्नकार्याचा स्वयंपाक आणि रामनवमीच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांच्या चुली आजही लाकडावरच चालतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या भराभर जळून जातात. टिकाऊ विस्तव हवा तर बाभळीचेच लाकूड लागते.

पूर्वी हे लाकूड कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने कापत. आता त्या कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, ज्याला आपल्याकडे कटर मशीन म्हणतात, तो घ्यावा असा विचार अनेकजण करतात. "साहेब, कमी पैशात कोणता घ्यावा?" हा प्रश्न गावोगावच्या सभांत हमखास विचारला जातो. या पत्रकात त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. पत्रक जपून ठेवावे आणि दुकानात जाताना सोबत न्यावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. स्वस्त यंत्र आणि परवडणारे यंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानात ज्याची किंमत कमी ते स्वस्त. जे पाच-सात वर्षे कामाला येते, ज्याचे सुटे भाग जवळच्या गावी मिळतात आणि जे चालवणाऱ्याचा पाय शाबूत ठेवते, ते परवडणारे.

आधी हिशेब, मग खरेदी

प्रथम आपल्याला वर्षाला लाकूड किती लागते ते काढा. समजा, तुमच्या घरी दिवसाला ५ किलो सरपण जळते. वर्षाचे झाले सुमारे १८ क्विंटल. एवढे लाकूड चांगल्या चेनसॉने दोन-तीन दिवसांत कापून होते. मग उरलेले ३६० दिवस यंत्र काय करणार? कोपऱ्यात पडून राहणार, आणि पडून राहिलेले पेट्रोलचे यंत्र हमखास बिघडते.

म्हणून केवळ एका घराच्या चुलीसाठी चेनसॉ विकत घेणे बहुधा परवडत नाही. अशा वेळी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग भाड्याचा. गावात किंवा जवळपास कोणाकडे यंत्र असेल, तर यंत्र आणि चालवणारा दोन्ही रोजाने घ्यावेत. नुसते यंत्र मागून आणू नये. दुसऱ्याच्या यंत्राची सवय नसताना ते चालवणे धोक्याचे असते.

दुसरा मार्ग भागीचा. चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. चालवणारे मात्र दोघेच ठरवावेत. दहा हातांतून फिरणारे यंत्र वर्षभरही टिकत नाही. तुमच्या भागात औजारे बँक असेल तर तेथेही चौकशी करावी. अनुदान मिळते किंवा नाही हे खरेदीपूर्वी कृषी सहायकास विचारावे. बिल फाडल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

तिसरा मार्ग स्वतः घेण्याचा. सुबाभूळ किंवा निलगिरीची लागवड असेल, धुऱ्यावर झाडे भरपूर असतील, किंवा घरातील तरुण इतरांची कामेही घेणार असेल, तर स्वतःचे यंत्र घेण्यास हरकत नाही.

आणखी एक सोय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वावरातून फांद्या बंडीने घरी आणून अंगणातच तुकडे करायचे असतील, तर विजेवर चालणारा चेनसॉही पुरतो. तो किमतीने कमी असतो, त्यात पेट्रोल-ऑइल मिसळण्याची कटकट नसते आणि तो पडून राहिला तरी लवकर बिघडत नाही. मात्र वायर धड हवी, जमीन ओली नको आणि वायर साखळीच्या मागच्या बाजूला राहील याची दक्षता घ्यावी.

यंत्र चालते कसे?

चेनसॉ म्हणजे लहानसे टू-स्ट्रोक इंजिन, पोलादी पट्टी आणि पट्टीभोवती फिरणारी दातांची साखळी. इंजिन मंद चालू असताना साखळी थांबलेली असते. वेग वाढवला की आतील क्लच पसरतो, लहान दातेरी चाक फिरते आणि साखळी पळू लागते. पूर्ण वेगात ती सेकंदाला साधारण २० मीटर, म्हणजे ६० फुटांहून अधिक धावते. त्या वेगापुढे आपला हात मागे घेण्याची चपळाई काहीच नाही.

हे यंत्र तसे फार जुने नाही. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचा आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचा चेनसॉ तयार केला. तेव्हा ती अवजड यंत्रे दोघांनी मिळून धरावी लागत. आजच्या साखळीच्या दातांची कल्पना तर एका किड्याने दिली. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन भागात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती सरळ पुढे न जाता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे कुरतडत होती. तसेच डावे-उजवे दात त्याने साखळीला बसवले. आपल्या साखळीचे दात निरखून पाहा, एक डावा आणि एक उजवा असेच दिसतील. धार लावताना दोन्ही बाजू सारख्या का घासायच्या, याचे कारण हेच. एक बाजू बोथट राहिली की करवत तिरपी जाते.

पट्टी किती इंचांची घ्यावी?

दुकानदार मोठी पट्टी दाखवतो आणि आपल्यालाही मोठी म्हणजे चांगली असे वाटते. येथेच पहिली चूक होते.

आपल्या वावरातील झाडाला दोरी गुंडाळून घेर मोजा. घेराला तीनाने भागले की जाडी साधारण कळते. बाभळीचा घेर ३६ इंच असेल तर जाडी सुमारे १२ इंच. त्यापेक्षा पट्टी दोन-चार इंच जास्त असली म्हणजे पुरे. सरपणासाठी १६ इंची पट्टी बहुतेक सर्व कामांना पुरते. फक्त फांद्या आणि सुबाभळीच्या बल्ल्या कापायच्या असतील तर १२ ते १४ इंचीही चालते. एखादे जाड खोड निघालेच तर ते दोन्ही बाजूंनी कापता येते.

पट्टी लांब घेतली म्हणजे यंत्र जड होते, साखळी महाग पडते, धार लावायचे दात वाढतात आणि पट्टीचे टोक कोठे लागते ते दिसत नाही. इंजिन लहान आणि पट्टी २२ इंची, ही जोडी तर मुळीच घेऊ नये. लहान गोऱ्ह्याला मोठा नांगर जुंपल्यासारखे होते ते.

इंजिन किती सीसीचे?

फांद्या आणि ८-१० इंच जाडीची खोडे यांसाठी ३५ ते ४० सीसी पुरते. बाभूळ, हिवर, धावडा अशी कठीण लाकडे नेहमी कापायची असतील तर ४५ ते ५० सीसी घ्यावे. त्यावरचे यंत्र सरपणासाठी लागत नाही. पेट्रोल जास्त पिते आणि दिवसभर हातात धरवत नाही.

आता फसवणुकीची जागा सांगतो. स्वस्त यंत्रांवर ५८, ६२ असे मोठे आकडे ठळक छापलेले असतात. तो आकडा दर वेळी सीसीचाच असतो असे नाही. कधी ते नुसते मॉडेलचे नाव असते. माहितीपुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा फेरा दिलेला असतो. दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला ०.७८५ ने गुणा आणि आलेल्या आकड्याला फेऱ्याने गुणा. व्यास ४ सेंटिमीटर आणि फेरा ३.२ सेंटिमीटर असेल तर उत्तर येते सुमारे ४० सीसी. मग वर ५८ लिहिलेले असो की ६२, इंजिन ४० सीसीचेच. हा हिशेब शाळेत जाणारी तुमची मुलगीसुद्धा दुकानात उभ्या उभ्या करून देईल. ज्या यंत्राच्या पुस्तिकेत हे आकडेच नाहीत, ते परत ठेवा.

यंत्र हातात धरूनही पाहावे. पट्टी आणि साखळीसकट, टाकी भरल्यावर ते सहा-सात किलोंच्या वर जात असेल तर सरपणाच्या कामाला ते जडच.

दुकानात तपासायच्या आठ गोष्टी

१. चेन ब्रेक : पुढच्या मुठीसमोर जो आडवा पंजा असतो तो ब्रेक. तो पुढे ढकलल्याबरोबर साखळी तत्काळ थांबली पाहिजे. दुकानदाराला यंत्र सुरू करून हे दाखवायला सांगा. ब्रेक नसलेले किंवा नुसते दिखाऊ ब्रेक असलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका.

२. वेगाचा खटका : मागच्या मुठीवर तळहाताने दाबायचा एक जास्तीचा खटका असतो. तो दाबल्याशिवाय वेग वाढता कामा नये. झुडपात अडकून यंत्र अचानक भडकू नये यासाठी ही सोय आहे.

३. मंद वेगातील साखळी : इंजिन मंद चालू असताना साखळी अजिबात फिरता कामा नये.

४. साखळी अडवणारा आकडा : साखळी तुटली किंवा उतरली तर ती हातावर येऊ नये म्हणून खालच्या बाजूला एक आकडा असतो. तो असल्याची खात्री करावी.

५. ऑइलची धार : पट्टीचे टोक कोऱ्या कागदापासून वीतभर दूर धरून वेग वाढवावा. कागदावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही म्हणजे साखळीला ऑइल पोहोचत नाही.

६. बंद करण्याचे बटण : यंत्र न सोडता अंगठ्याने बंद करता आले पाहिजे.

७. हादरे : मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग असावी. नसेल तर संध्याकाळी हाताला मुंग्या येतात आणि रोजच्या कामाने ते दुखणे कायमचे होते.

८. सुटे भाग : साखळी, पट्टी, प्लग, एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी आणि कार्बोरेटरचे पडदे हे भाग मानोरा, दिग्रस, कारंजा किंवा वाशीम येथे कोणाकडे मिळतात हे त्या दुकानी प्रत्यक्ष विचारून घ्या. "मागवून देऊ" हे उत्तर समाधानकारक समजू नये. हंगाम निघून जातो आणि भाग येत नाही.

साखळी मागताना तीन आकडे सांगावे लागतात. कड्यांमधील अंतर म्हणजे पिच, पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि अशा कड्यांची संख्या. हे आकडे पट्टीवर कोरलेले असतात. खरेदीच्या दिवशीच ते वहीत लिहून ठेवा. एकही आकडा चुकला तर साखळी बसत नाही. सही-शिक्क्याचे बिल आणि वॉरंटीचे कार्ड घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

किमतीचा खरा हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुम्ही आपल्या बाजारातील भाव घालून हाच हिशेब करावा.

समजा, एक यंत्र ७,००० रुपयांना मिळाले. त्याला दुरुस्ती आणि साखळ्यांसाठी वर्षाला ३,००० रुपये लागले आणि दोन वर्षांत ते मोडीत निघाले. एकूण खर्च १३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,५०० रुपये.

दुसरे यंत्र १८,००० रुपयांना घेतले. त्याला वर्षाला १,५०० रुपये खर्च आला आणि ते आठ वर्षे चालले. एकूण खर्च ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,७५० रुपये. पाच घरांत वाटले तर दर घरी वर्षाला ७५० रुपये.

आता सांगा, स्वस्त कोणते? मात्र हेही खरे की महाग यंत्राची निगा राखली नाही तर तेही दोन वर्षांत संपते. आणि वर्षातून दोनच दिवस काम असेल तर या दोन्हींपेक्षा भाड्याचे यंत्र स्वस्त पडते.

यंत्राच्या किमतीबरोबर आणखी काही पैसे बाजूला ठेवावेत. एक जादा साखळी, धार लावायची गोल कानस, टू-स्ट्रोक ऑइल, साखळीचे ऑइल, डोळ्यांचा चष्मा, कानांची बोंडे आणि जाड बूट. एवढे घेण्यापुरते पैसे उरत नसतील तर यंत्र आपल्या ऐपतीबाहेरचे आहे असे समजावे.

पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोक इंजिनात नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन काही मिनिटांत जळून धरतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावेच लागते. प्रमाण पुस्तिकेत पाहावे. ५० ला १ असे लिहिले असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर ऑइल घालावे. मापासाठी औषधाचे मापी झाकण किंवा सिरिंज वापरावी. अंदाजाने ओतू नये. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे साधे इंजिन ऑइल येथे चालत नाही.

आजच्या पेट्रोलबद्दल एक सूचना. २०२५ पर्यंत देशातील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि लहान कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक करते. अनेक चेनसॉच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. म्हणून खरेदीच्या वेळीच "हे यंत्र २० टक्क्यांच्या पेट्रोलवर चालेल काय?" असे विचारून बिलावर तसे लिहून घ्यावे. काहीही असो, मिसळलेले पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. पावसाळ्यात बंद पडलेली बहुतेक यंत्रे एवढ्याच एका आळसामुळे बंद पडलेली असतात.

साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तीही भरावी. जळके काळे ऑइल घालू नये. त्यातील बारीक कीस पंप आणि पट्टी दोन्ही खातो.

पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्यावे आणि भरल्या जागेपासून दहा फूट दूर जाऊन यंत्र सुरू करावे. उन्हाळ्यात सायलेन्सरच्या उष्णतेने वाळले गवत पेटते. कुटाराच्या ढिगाजवळ तर यंत्र ठेवूच नये.

धार म्हणजेच बचत

साखळीतून लाकडाचे चिरके उडत असतील तर धार चांगली. बारीक भुसा पडू लागला म्हणजे साखळी बोथट झाली. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो. त्यात पेट्रोल जास्त जळते, पट्टी तापते आणि अपघातही त्याच वेळी होतात.

कानस साखळीच्या मापाचीच हवी. ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची आणि तीन-अष्टमांश इंची हलक्या साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दातावर जी रेघ असते त्या रेघेने, आतून बाहेरच्या दिशेने, दर दाताला सारखेच दोन-तीन हात मारावेत. दर वेळी पेट्रोल भरताना दोन मिनिटे कानस फिरवली तर साखळी पुष्कळ दिवस टिकते.

आपल्या धुऱ्यावरच्या झाडांत एक छुपा शत्रू असतो. जुन्या कुंपणाची तार आणि खिळे खोडात रुतून बसलेले असतात आणि वरून साल चढलेली असते. कापण्याआधी खोड नीट निरखावे. एक खिळा नवी साखळी घालवतो. तसेच मातीत लोळलेले लाकूड आधी झटकावे आणि पट्टीचे टोक जमिनीला लागू देऊ नये.

बाभूळ पूर्ण वाळली की दगडासारखी होते. म्हणून ओली कापावी, लगेच फोडावी आणि सावलीत हवेशीर रचून वाळवावी. वाळलेले सरपण जास्त उष्णता देते आणि धूर कमी करते. चुलीपुढे बसणाऱ्या माउलीच्या डोळ्यांना आणि छातीला तेवढाच आराम.

जिवाची काळजी

पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग हा सर्वांत घातक. तो लाकडाला लागला की यंत्र उसळून सरळ चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि खांद्याकडे येते. हे इतके क्षणात घडते की विचार करायला वेळच नसतो. म्हणून टोकाने कधीही कापू नये. दोन्ही मुठी दोन्ही हातांनी धराव्यात आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवलेला असावा. यंत्र कधीही खांद्याच्या वर उचलू नये. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवू नये.

धोतर, लुंगी, गळ्यातला गमछा, लोंबणारी ओढणी किंवा पदर हे यंत्राजवळ चालणार नाही. अंगाबरोबरचे कपडे आणि जाड बूट घालावेत. शक्य झाल्यास मांडीवर बांधायचे खास संरक्षक कापड घ्यावे. त्यातील धागे साखळीत गुंतून ती थांबते. या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. कानांची बोंडे घातली नाहीत तर काही वर्षांनी नातवाची हाक ऐकू येणार नाही.

एकट्याने वावरात काम करू नये. सोबत एक माणूस, पाणी आणि स्वच्छ कापडाच्या घड्या असाव्यात. रक्त आले तर जखमेवर घडी घट्ट दाबून धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. पोकळ खोडात मधमाश्यांचे मोहोळ आणि जुन्या ढिगात साप असू शकतो, आधी काठीने आपटून पाहावे. वादळात पडलेल्या झाडाची वाकलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. ती एकदम कापली तर फटका बसतो. ताण थोडा थोडा कमी करावा.

उभे झाड पाडणे हे वेगळे कसब आहे. ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी उभे राहू नये. जवळून विजेची तार जात असेल तर महावितरणच्या माणसाला कळवून पुरवठा बंद केल्याशिवाय हात लावू नये.

कायदा आणि झाड

आपल्या वावरातील झाड आपले असले तरी प्रत्येक झाड विचारल्याशिवाय तोडता येत नाही. राज्याचा वृक्षतोडीबाबतचा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, हिरडा, चंदन अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते. बाकीच्या झाडांबद्दलही तलाठी आणि वनरक्षक यांना आधी विचारावे. सरपण विकायला गावाबाहेर नेणार असाल तर वाहतुकीचा परवाना लागतो की नाही तेही विचारावे. रस्त्याकडेची आणि गायरानातील झाडे आपली नव्हेत. राखीव जंगलात तर यंत्र नेऊच नये. वनगुन्ह्यात लाकडाबरोबर हत्यारे आणि वाहनही जप्त होते. हौसेने घेतलेले यंत्र वनखात्याच्या गोदामात जाऊन पडेल.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की कुऱ्हाडीला जे झाड तोडायला दिवस लागे, ते हे यंत्र पाच मिनिटांत आडवे करते. झाड वाढायला मात्र पूर्वीइतकीच वर्षे लागतात. बाभूळ बुडापासून तोडली तर सहसा पुन्हा फुटत नाही. तिच्या फांद्याच छाटाव्यात. सुबाभूळ मात्र तोडल्यावर जोमाने फुटते. जमिनीपासून थोडा बुंधा ठेवून, पाणी ओघळेल असा तिरपा काप घ्यावा, म्हणजे बुंधा कुजत नाही आणि काही वर्षांत पुन्हा सरपण मिळते. धुऱ्यावर सुबाभळीची एक ओळ लावली तर जळतन आणि शेळ्यांचा पाला दोन्हींची सोय होते. फक्त शेंगा पिकण्यापूर्वी छाटणी करावी, नाहीतर बी पडून वावरभर रोपे होतात.

थोडक्यात सांगायचे तर

वर्षाला दोन-तीन दिवसांचे काम असेल तर भाड्याने करून घ्या. चार-पाच घरे एकत्र येत असतील तर ४० ते ४५ सीसीचे, १६ इंची पट्टीचे, खात्रीचा चेन ब्रेक असलेले आणि जवळ सुटे भाग मिळणारे यंत्र भागीने घ्या. नेहमीचे काम असेल तर थोडे मोठे घ्या. तेही चालवायला शिकूनच. पैसे कमी पडत असतील तर पट्टी आखूड घ्या, सीसी कमी घ्या, पण ब्रेक, बूट आणि चष्मा यांत काटकसर करू नका.

यंत्राची निवड, औजारे बँक किंवा अनुदान यांबाबत अधिक माहिती हवी असल्यास आपल्या कृषी सहायकास, मानोरा येथील तालुका कृषी अधिकारी कार्यालयास किंवा करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास भेटावे. जाताना दोन आकडे लिहून न्यावेत. आपल्या सर्वांत जाड झाडाचा घेर आणि वर्षाला लागणारे लाकूड. हे दोन आकडे हाती असले म्हणजे सल्ला देणाऱ्याचे काम निम्मे होते आणि दुकानदाराची भूल पडत नाही.

सरपण वेळेत घरात येवो आणि कापणारे हात धडधाकट राहोत. रामराम!